वडिलार्जित घराच्या स्वहस्ते डागडुजीचा जाबता

कोकणातील वडिलार्जित घर स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्याचा संकल्प मुंबईकर गृहस्थाच्या मनात बहुधा वैशाखात, आमरसाचे जेवण झाल्यावर, ओटीवरच्या झोपाळ्यावर अंग सैल सोडलेले असताना उद्भवतो. त्या घटकेला पश्चिमेचा वारा चालू असतो, पावसाला अवकाश असतो आणि घरात काय काय मोडले आहे हे पाहण्याकरिता उठण्याची निकड नसते. असा संकल्प ज्यांनी केला आहे, किंवा ज्यांच्या कुटुंबाने तो त्यांच्या वतीने चार माणसांत जाहीर करून टाकला आहे, अशा सद्गृहस्थांच्या सोयीकरिता पुढील जाबता तयार केला आहे. काम पुढे कसे सरकवावे एवढेच यात सांगितले आहे. ते संपवावे कसे, हा विषय बुद्धिपुरस्सर वगळला असून त्याची कारणे यथाक्रम येतील.

कलम १ : मालकीचा तपास

हातोडीला हात लावण्यापूर्वी घर कोणाचे, ते पाहावे. ग्रामपंचायतीतून घरपट्टीचा उतारा काढला असता घर अद्यापि पणजोबांच्या नावे असल्याचे आढळते, आणि पणजोबा कैलासवासी होऊन दोन पिढ्या लोटल्या असल्या तरी बाकी मात्र त्यांच्याच नावे थकत असते. वारसांची यादी करू गेल्यास डोंबिवली, बडोदे आणि इंदूर येथे पसरलेले असे हिस्सेदार निघतात, की ज्यांची आपली ओळख कोणाच्या तरी मुंजीत जेमतेम पानावर बसण्यापुरती झालेली असते. त्या प्रत्येकास सविनय पत्र लिहून दुरुस्तीस संमती व खर्चात वाटा मागावा. उत्तर येत नाही. परंतु उत्तराची वाट पाहणे हे काम कायदेशीर, बिनखर्ची आणि कितीही मुदत चालणारे असल्यामुळे प्रगतीच्या दप्तरात त्याची नोंद अग्रभागी करावी.

कलम २ : मोजदाद

ओळंबा, गुण्या आणि पाणसळ ही हत्यारे नवी कोरी आणून ती एकवार वापरावीत व माळ्यावर ठेवून द्यावीत. ओळंबा सोडताच भिंत कलल्याचे दिसते. गुण्या लावताच माजघरात एकही काटकोन नसल्याचे सिद्ध होते. आणि पाणसळीतला बुडबुडा एका टोकास जाऊन जो बसतो, तो तेथून हलतच नाही. ज्यांनी हे घर बांधले त्यांनी हात, वीत आणि बोटे यांनी मापे घेतली, आणि ज्याचे ते हात होते तो गवंडी जाताना मापही बरोबर घेऊन गेला. सबब तालुक्याच्या बाजारातून आणलेली तयार खिडकी जुन्या भोकात बसेल अशी आशा धरू नये.

त्याचप्रमाणे घर सरळ करण्याच्या भरीस पडू नये, ही विशेष ताकीद आहे. जांभ्याच्या चिऱ्यांची, मातीत बांधलेली, दीड-दोन फूट रुंदीची भिंत इतकी वर्षे टिकली ती आपल्या वजनाच्या भरवशावर. तिचा एक चिरा काढणे म्हणजे तिला फेरविचाराची संधी देणे होय. खाणीतून निघताना जांभा मऊ असतो व हवा लागेल तसा कठीण होत जातो, हे खरे. तथापि पणजोबांची तसबीर लावण्याकरिता त्यात खिळा ठोकल्यास मूठभर तांबडी भुकटी सांडून खिळा परत येतो, आणि त्यामागोमाग, प्रसंगी, पणजोबाही.

कलम ३ : छप्पर

भिंतींच्या आधी छप्पर करावे हा सर्वमान्य सिद्धांत आहे, आणि म्हणूनच बहुतेक लोक आधी भिंती रंगवितात. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून ही खाचेची चपटी कौले किनारपट्टीने चढत चढत, कोठे गवताला तर कोठे नळ्यांना पदच्युत करीत, आपल्या आढ्यापर्यंत येऊन पोहोचली. पुढे असे कारखाने पुष्कळ निघाले व प्रत्येकाने आपला साचा वेगळा ठेवला. परिणामी फुटलेल्या कौलाच्या जागी आणलेले नवे कौल शेजारच्याशी जुळत नाही. नव्याची खाच जुन्याच्या खाचेत बसत नाही, आणि मधल्या बोटभर फटीतून पाऊस बिनदिक्कत आत येतो. जुळणारी कौले शोधण्याकरिता गावातील पडक्या घरांच्या मालकांशी स्नेहसंबंध वाढवावेत. नवी-जुनी सर्व कौले समदृष्टीने फोडण्याचे कार्य वानरांकडे परंपरेने चालत आले आहे. त्यात हस्तक्षेप करून पाहावा, परंतु यशाची अपेक्षा ठेवू नये.

गळतीचा माग काढण्याची रीत अशी : प्रथम कौल उचलावे, कौल उचलले की त्याखालची रीप कुजलेली दिसते, रीप काढली की वासा पोकळ लागतो, वासा सोडवू गेले की आढ्याचे खरे स्वरूप प्रकट होते. अशा रीतीने एका थेंबाच्या पाठीमागे लागून तिन्हीसांजेपर्यंत मोकळ्या आकाशाखाली येऊन बसता येते, आणि याहून डोळ्यांत भरणारी प्रगती दुसऱ्या कोणत्याही कामात नाही. वाळवी उजेड टाळीत असल्यामुळे लाकडाचे बाहेरचे कवच शाबूत ठेवून आतले तेवढे नेते. यास्तव प्रत्येक वासा पटाशीच्या टोकाने टोचून पाहावा, मात्र ज्यावर आपण स्वतः उभे आहोत तो वासा शेवटी टोचावा.

कलम ४ : चुना की सिमेंट

लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन नामक गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि काम एकदाच करून मोकळे व्हावे ही दुराशा त्या पदार्थाबरोबर पुढे आमच्या माजघरापर्यंत आली. चुन्याचा स्वभाव निराळा आहे : तो हवेतील कर्बवायू सावकाश शोषीत वर्षानुवर्षे घट्ट होत जातो आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. सिमेंटचा गिलावा ती ओल आत कोंडतो. मग लोणा लागतो, गिलाव्याला फुगे येतात आणि एखाद्या रात्री त्याचे पाट पाट सुटून भिंतीची कातडीही सोबत घेऊन खाली येतात. तात्पर्य, चुना घेतल्यास यंदाचे काम लांबते आणि सिमेंट घेतल्यास पुढच्या वर्षाचे काम निश्चित होते. प्रगतीच्या दृष्टीने दोन्ही मार्ग प्रशस्त आहेत. भिंतीचे मत विचारल्यास ती चुन्याच्या बाजूने कौल देईल.

कलम ५ : मनुष्यबळ

काम स्वहस्ते करावयाचे असले तरी गवंड्यास सल्ल्यापुरते बोलवावे. शिमग्यात तो पालखीबरोबर असतो, वैशाखात लग्नांत, मृगात पेरणीवर, आषाढात लावणीवर आणि भाद्रपदात गणपतीपुढे, उरलेल्या दिवसांत तो येतो, आपल्या कामाकडे बराच वेळ पाहतो, तंबाखू मळतो आणि “हे कोणी केलं, भाऊ?” एवढेच विचारतो. या प्रश्नाचे उत्तर देण्याचे कायद्याने बंधन नाही.

कलम ६ : मुदत

७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि पुढील चार महिन्यांत कोकणावर १०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. या फर्मानाविरुद्ध अपील चालत नाही. आपले पूर्वज हे जाणून दरसाल वैशाखात घर शाकारीत, फुटकी कौले बदलीत, पडवीला झडीच्या बाजूने माडाची झापे बांधीत, आणि पाऊस सरला की झापे सोडून जमीन चोपून शेणाने सारवीत. घराचे काम झाले, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. घर शंभर वर्षे उभे राहिले ते मजबूत होते म्हणून नव्हे, तर शंभर वेळा दुरुस्त झाले म्हणून. ज्या वर्षी शेवटचा माणूस कुलूप लावून मुंबईस गेला, त्या वर्षापासून त्याच मजबूत घराचे वासे बसू लागले. यास्तव पुढच्या वैशाखात आपण गेल्या वैशाखात होतो तेथेच आहोत, असे आढळल्यास खिन्न होऊ नये; जुन्या घराच्या बाबतीत जागच्या जागी राहणे हीच प्रगती होय, आणि ती फार मेहनतीने मिळते.

कलम ७ : समाप्तीपासून बचाव

इतके करूनही, दैववशात, काम संपण्याची चिन्हे दिसू लागल्यास तत्काळ सावध व्हावे. घर गळायचे थांबले ही वार्ता कोणतेही टपाल न लागता डोंबिवली, बडोदे व इंदूर येथे पोहोचते, आणि पहिल्या कलमातील ज्या हिस्सेदारांना आपल्या पत्राचे उत्तर देण्यास सवड झाली नव्हती, त्यांच्या ठायी वडिलार्जित वास्तूविषयीचे प्रेम एकाएकी जागृत होऊन ते गणपतीच्या आदल्या दिवशी मुलाबाळांसह अंगणात उतरतात. त्यांचा हक्क निर्विवाद आहे. म्हणून त्यांच्या हिश्शाची एक गळती त्यांच्याकरिता राखून ठेवावी. ती रस्त्यावरून दिसेल अशी असावी, तिचे टिपके देवघरात, स्वयंपाकघरात किंवा आपल्या स्वतःच्या बिछान्यावर पडू नयेत, आणि पाहुण्यांची अंथरुणे नेमकी कोठे पडतात याची मोजदाद करून, त्या जागेच्या बरोबर वरचे कौल शेवटपर्यंत बदलू नये.