ओंडक्याचे व्यक्तिचित्र : साधकांसाठी सूचना

साहित्य मोजकेच लागते. वाळल्यावर पाण्याने न पुसली जाणारी काळी इंडियन इंक, टाक, दोन-तीन निबा आणि जाड गुळगुळीत कागद. ही शाई फाउंटन पेनात भरू नये; आत वाळली की पेनही जीर्ण वस्तूंत जमा होते.

मग भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस गाठावे. इथे धरमतरच्या खाडीचे मुख आहे, म्हणजे चिखल आहे. पुळणीवर बसण्याच्या तयारीने आलेल्या कलावंताला तो घोट्यापर्यंत दीक्षा देतो. ओहोटीला तिवरांच्या कडेला अडकलेला ओंडका शोधावा. तिवराची फांदी मात्र तोडू नये. एक तर कायदा आहे. शिवाय ताज्या फांदीने आयुष्यात काहीच सोसलेले नसते.

ओंडक्याला भोके असतील तर नशीब उघडले. ती पाडणारा प्राणी किडा म्हणून बदनाम असला तरी शिंपल्यांच्या कुळातला आहे, आणि आपल्या बोगद्याला आतून चुन्याचा गिलावा करून घेतो. म्हणून भोकाच्या कडेला कागदाची बारीक किनार कोरी सोडावी आणि आत एकदम काळोख करावा. नवशिके प्रत्येक भोकाला सारखाच ठिपका देतात आणि ओंडक्याची चाळणी होते.

शंख-शिंपले काढण्यापूर्वी रेम्ब्रांचे स्मरण करावे. 1650मध्ये त्याने एका शंखाचे एचिंग केले. छपाईत चित्र उलटते, हे त्याने सही करताना ध्यानात ठेवले, शंख कोरताना सोडून दिले. सही सरळ आली, शंखाचे वेटोळे उलट्या बाजूला गेले. आपल्याकडे पूजेच्या दुकानात असा शंख दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने खपला असता. टाकवाल्यांना ही सोय नाही.

बघे जमतीलच. “हे जाळायला नेताय का?” असे कुणी विचारेल. चित्र काढतोय म्हटल्यावर “मग होडी काढा ना!” हा सल्ला मिळेल. राग मानू नये. होड्या दुरुस्त करणारा माणूस भेटला तर त्याला जागा करून द्यावी. लाकूड कुठले, आधी कुठून कुजले, चीर कुठवर गेली असेल, हे तो हात फिरवून सांगतो. रेषा कुठे दाट हव्यात याचा निकाल तिथेच लागतो. आर्ट स्कूलमध्ये हे शिकवायला वर्ष जाते, शिवाय फी पडते.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नये. ओंडका तरंगू लागला तर त्याला मिठी मारू नये. उरलेली बाजू कोरी ठेवून खाली ‘अभ्यासचित्र’ असे लिहावे आणि लाँच पकडावी.