सोळावीला उत्तर द्या

2016 साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण जिंकलेल्या भारतीय महिला संघाची कर्णधार आपल्या धाराशिवची होती, सारिका काळे. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं लोळवलं. त्या पंधरा जणींच्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. जिल्ह्याची मान उंचावली.

पण प्रत्येक पंधरा जणींमागे एक सोळावी असते. आज तिच्याबद्दल बोलायचंय.

निवड चाचणीच्या एका संध्याकाळी मी मैदानावर होतो. यादी मोठ्याने वाचली गेली. खांबाजवळ सूर मारून कोपरं सोललेली एक मुलगी यादी संपल्यावरही उभीच राहिली. मग तिने विचारलं, "सर, माझं काय कमी पडलं?" सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." एवढंच.

खो-खोत निवड अवघड आहे, हे मान्य. दुबळ्या संघापुढे तीन मिनिटं पळालेली मोठी, की तगड्या संघापुढे दीड मिनिट टिकलेली? नुसतं घड्याळ बघून हे ठरत नाही. जाणत्यांची नजर लागतेच. म्हणूनच ती नजर काय काय बघणार, हे चाचणीआधी कागदावर हवं.

बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्येही हाच पेच आहे. कोणत्या देशाला किती जागा, हे मुख्यतः आदल्या जागतिक स्पर्धेतल्या क्रमांकांवरून ठरतं. किमान तांत्रिक गुणांची अटही असते. पण त्या जागांवर कोण जाणार, हे देश ठरवतो. 2014 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी अमेरिकेकडे महिलांच्या तीन जागा होत्या. राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आलेली मिराई नागासू घरी राहिली, चौथी आलेली अ‍ॅशली वॅग्नर गेली. मोठा गदारोळ झाला. पण आधीची कामगिरीही धरली जाईल, हे नियमात लिहिलेलं होतं. त्यामुळे भांडायचं कशावर, हे तरी सगळ्यांना ठाऊक होतं. नागासूने हार मानली नाही. 2018 मध्ये ती ऑलिंपिकला गेली आणि तिथे ट्रिपल अ‍ॅक्सल ही उडी मारणारी पहिली अमेरिकी महिला ठरली.

आपल्याकडे 2025 च्या क्रीडा प्रशासन कायद्यात खेळातल्या तंट्यांसाठी न्यायाधिकरणाची तरतूद झाली. चांगलं झालं. पण तिथे दाद मागायला हातात कागद लागतो. "पुढच्या वर्षी बघू" हा कागद नव्हे.

तालुक्यापासून देशापर्यंतच्या निवड समित्यांकडे मागणं साधं आहे. निकष आधी भिंतीवर लावा. यादीसोबत गुणतक्ता लावा. वगळलेल्या प्रत्येक मुलीला दोन ओळी लिहून द्या: पळतीत हुलकावणी कमी पडली, की आक्रमणात खांबावरचा सूर?

त्या दोन ओळी हातात असल्या, तर ती मुलगी उद्या पहाटे मैदानावर कशाचा सराव करायचा हे ठरवूनच येईल.