आहारतज्ज्ञ, खाट क्रमांक सात

पायाची जखम भरेना आणि साखर उतरेना, म्हणून मला रुग्णालयात दाखल केलं. पडल्यापडल्या करायचं काय? मनात आलं, इथल्या सिस्टरांना आहारातलं कितपत कळतं याची पाहणी करावी. दिवाळी अंकाला लेखही होईल. (माझ्या ज्ञानाचे उगम दोन: सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि मेव्हणा. पण परीक्षकाची पात्रता कोण विचारतो?)

सकाळी सिस्टर इन्सुलिन द्यायला आल्या. मी वही उघडली.

"सगळ्यात पौष्टिक पेय कोणतं?"

"कोणासाठी?"

मी लिहिलं: उत्तर येत नाही. गुण शून्य.

"बरं, प्रथिनं कशात असतात?"

"काल तुम्ही परत पाठवलेल्या अंड्यात."

काल एकादशी होती. साबुदाण्याची खिचडी, केळी आणि खजूर एवढ्यावरच मी कसंबसं भागवलं होतं.

"काका, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. साखर तीनशेवर का गेली विचारत होतात ना? आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडं नको तर पनीर सांगा, डाळ सांगा."

हे उत्तर प्रश्नाबाहेरचं असल्याने मी त्याला गुण दिले नाहीत.

शेजारच्या खाटेवर डायलिसिसचे आजोबा होते. पाणी मोजून मिळायचं, त्यामुळे दिवसभर घसा कोरडा. मला राहवेना. मेव्हण्याने आणलेलं शहाळं मी गुपचूप त्यांच्या हातात दिलं. वर "नैसर्गिक आहे हो, काही होत नाही," हेही दिलं. त्यांच्या सुनेला साध्या मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ वापरण्याचा सल्ला तर मी आदल्या दिवशीच देऊन ठेवला होता.

आजोबा अर्ध्यावर पोचले आणि सिस्टर प्रकटल्या. शहाळं गेलं, डॉक्टरांना फोन गेला, ईसीजीचं यंत्र आलं, रक्त तपासायला गेलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात साठलं तर हृदयाचा ठोका चुकतो, प्रसंगी थांबतो. कमी सोडियमच्या मिठातही सोडियमच्या जागी घातलेलं असतं ते पोटॅशियमच! हे ऐकून सूनबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, त्याची नोंद मी वहीत केली नाही.

"किती पोटात गेलं?" सिस्टरनी मला विचारलं.

"अर्धं शहाळं."

"मिली विचारतेय."

मी गप्प. त्यांनीच अंदाज बांधला आणि हाताशी कागद नव्हता म्हणून माझ्या वहीत, त्या शून्याच्या खाली, १५० लिहिलं.

आजोबांचा ईसीजी सुदैवाने ठीक निघाला. हे सगळं शिकलात कुठे, असं मी चाचरत विचारलं. "पहिल्या वर्षालाच विषय असतो." घरी आल्यावर पाहिलं, तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये रुग्णाच्या खाण्यावर दोन प्रकरणं लिहून ठेवलेली. आमच्या ग्रुपवर ती कोणीच फॉरवर्ड केली नव्हती.

ऑपरेशनच्या रुग्णांच्या खाटेवर 'तोंडाने काही देऊ नये' अशी पाटी असते. संध्याकाळी माझ्या खाटेवरही पाटी लागली: 'यांच्याकडून काही घेऊ नये.'