ढोलीवर टिचकी, छातीचं निदान

वैद्यकीय विद्यार्थी हा जिन्नस कुठल्या कपाटात ठेवायचा, हे कोविडच्या साथीत सरकारला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मार्च 2020 मध्ये तो संसर्गाचा धोका होता, म्हणून घरी धाडला. मे 2021 मध्ये तोच मनुष्यबळ झाला. मधल्या काळात तो काय शिकला, हे विचारू नये. वाईट दिसतं.

गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 चं. त्याचा संसार केटीएस जिल्हा रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयाच्या आसऱ्याने चाललेला. म्हणजे खाटेशेजारी उभं राहणं, हेच इथलं कॉलेज. साथ आली आणि ते एका रात्रीत मोबाइलमध्ये गेलं.

जिल्ह्यातल्याच सालेकशाकडच्या एखाद्या पोराचं ऑनलाइन वॉर्ड-पोस्टिंग डोळ्यांसमोर आणा. रेंज मिळावी म्हणून तो माळ्यावर. सर विचारतात, "हृदयातला मर्मर ऐकू येतोय का?" हा म्हणतो, "सर, तुमचाच आवाज तुटून राहिला." पुढचा धडा, छातीवर बोटांनी ठोकून आवाज ओळखणे. आजोबांना सदरा काढायला सांगावं, तर ते म्हणतात, "मले काई झालं नाई, धानाकडं पाय." मग उरते धानाची ढोली. ती अर्धी रिकामी असल्याचं निदान मात्र अचूक येतं!

हसू नका. छाती ठोकायची ही तपासणी शोधणारा आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियातल्या एका सराईवाल्याचा मुलगा. दारूची पिंपं ठोकून भरली-रिकामी ओळखण्यावरून त्याला ही युक्ती सुचली, असं सांगतात. 1761 मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. तो पिंपावरून छातीकडे गेला, आम्ही छातीवरून ढोलीकडे आलो.

ठोकण्याचं तेच चाचपण्याचं. सिकलसेलच्या लेकराची वाढलेली पानथरी श्वासागणिक खाली येऊन बोटाला कशी टेकते, हे या जिल्ह्यातल्या डॉक्टरला कळायलाच हवं. पडद्यावर ती लाल बाणाने दाखवली. लॉगबुकात सही झाली. शिकवणाऱ्यांना तरी काय बोलावं? ते पीपीई किटात घामाघूम होऊन वॉर्ड सांभाळत होते.

मग 3 मे 2021 ला दिल्लीहून निर्णय आला: एमबीबीएसच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, सौम्य रुग्णांना फोनवरून सल्ला द्यायला वापरता येईल. फोनवर शिकलेल्यांनी फोनवरच तपासायचं! शिक्षण आणि काम यांचा इतका चोख मेळ आयआयटीलाही जमलेला नाही. शिवाय कोविडची ड्यूटी शंभर दिवस केली, तर सरकारी भरतीत प्राधान्य, असंही तेव्हा सांगितलं. तेवढी भरती निघाली, की झालं!