निर्दोष नाण्यास नालासोपाऱ्याहून पत्र

प्रति,
मा. नाणेसाहेब,
संभाव्यतेचे प्रकरण, मुक्काम दहावी, पुढे अकरावी.

स.न.वि.वि.

गेली कित्येक वर्षे आपण पाठ्यपुस्तकात उडत आहात. छाप्याला १/२, काट्यालाही १/२. असा निःपक्षपातीपणा आमच्या वॉर्डात निवडणुकीपुरताही दिसत नाही. आपण कधी कडेवर उभे राहत नाही, गटारात पडत नाही. तसे आमचे गाव नाण्यांना नवखे नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. सुमारे सतराशे वर्षे ते जमिनीखाली गप्प होते. त्याने इथल्या पावसाळ्याबद्दल कुणाची समजूत बिघडवली नाही. आपण बिघडवलीत.

आपले म्हणणे असे की, दोन घटना स्वतंत्र असतील, म्हणजे एक घडल्याने दुसरीच्या शक्यतेत काहीच फरक पडत नसेल, तर दोन्ही घडण्याची शक्यता गुणाकाराने काढावी. लागोपाठ दोन छापे, १/४. कबूल. पण हा गुणाकार आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हाती लागला आहे. लोकल रखडण्याची शक्यता १/१० धरा, लाइट जाण्याची १/१०, नळ कोरडा राहण्याची १/१०. ‘तिन्ही एकाच दिवशी? अहो, हजारात एक!’ असे म्हणून त्यांनी जनरेटरचा ठराव पुढच्या सभेवर ढकलला. हजार दिवस म्हणजे पावणेतीन वर्षे. आम्हाला एवढी वाट पाहावी लागत नाही.

कारण तिघांच्या मागे पाऊस एकच असतो. तो कोसळला की रूळ बुडतात, त्याच पाण्यामुळे वीज बंद ठेवावी लागते आणि वीज नसली की टाकीत पाणी चढवणारा पंप बसतो. १० जुलै २०१८ आठवा: नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली, लोकल ठप्प, वसई-विरारमध्ये अंधार. अशा दिवशी पहिला दशांश खर्च झाला की पुढचे दोन दशांश राहत नाहीत, ते एकाच्या जवळ सरकतात. गुणाकार तेव्हाही करायचाच, पण आधीची घटना घडली आहे हे धरून. मग उत्तर हजारात एक येत नाही, दहात एकच्या आसपास येते. हे सेक्रेटरींना सांगावे तर ते आपले नाव पुढे करतात.

आता बेरीज. छापा आणि काटा एका फेकीत एकत्र येत नाहीत, म्हणून आपण त्यांना परस्पर अपवर्जी म्हणता आणि त्यांच्या शक्यता सरळ मिळवता. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटते, दारात पाणी असणे आणि नळाला पाणी नसणे या अशाच घटना असतील. आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून टँकरवाल्याला फोन लावतो. समजा, जुलैत आठ दिवस रस्ता तुंबला, सहा दिवस नळ कोरडा, त्यातले पाच दिवस दोन्ही. हालांचे दिवस चौदा नव्हेत; ८ + ६ − ५ = ९. हे पाच वजा करायला लोक विसरतात, आणि टँकरवाला तर मुद्दाम विसरतो.

अस्सल परस्पर अपवर्जी घटना हवी असेल तर संध्याकाळी चर्चगेटला या. विरार फास्टमध्ये चढणे आणि बोरिवलीला उतरणे. पोरे इथेच गल्लत करतात: दोन्ही एकत्र होत नाहीत, म्हणजे त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणजे स्वतंत्र! अहो, एक घडली की दुसरीची शक्यता थेट शून्य, याहून घट्ट संबंध कोणता असतो? शंका असल्यास दारातल्या मंडळींना विचारावे. ती मंडळी हा नियम अंधेरीच्या आधीच समजावून देतात, हातवाऱ्यांसकट.

तरी पुढच्या आवृत्तीत आपण थोडी विश्रांती घ्यावी आणि स्वाध्यायात आमचा एक जुलै महिना घालावा, ही विनंती. फासे आणि पत्त्यांनाही कळवावे.

आपला,
नालासोपारा पूर्वेचा एक नमुना घटक

ता.क. हे लिहिता लिहिता लाइट गेली. बाहेर लख्ख ऊन आहे. ही घटना मात्र स्वतंत्र धरावी.