गोंदियात गिटारवरून वाद कसा घालावा

गोंदिया जिल्ह्यात तालुके आठ. प्रत्येक तालुक्यात एक इसम असा असतोच की, 1970 मध्ये जिमी हेंड्रिक्स वारल्यानंतर गिटारला हात लावणे हा शुद्ध आगाऊपणा आहे, असे त्याचे ठाम मत असते. त्याला ओळखणे सोपे आहे. मे महिन्यातही तो काळा टी-शर्ट घालतो आणि कोणी काही विचारण्याआधीच उत्तर देऊ लागतो. अशा इसमाशी गाठ पडल्यावर 'हाव भाऊ, बरोबर' म्हणून सटकणारे लोक आहेत. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी नाही.

प्रथम स्थळाविषयी. रॉकचा वाद पानठेल्यावर घालावा. टपरीवरचा चहा दोन घोटांत संपतो आणि मुद्दा लोंबकळत राहतो. खर्रा घोटायला मात्र वेळ लागतो, गिऱ्हाईक ताटकळत उभे असते, आणि ताटकळलेल्या माणसाला मत असतेच. आपण स्वतः खर्रा खाऊ नये. ज्याचे तोंड मोकळे, त्याचा पक्ष वरचढ. वाद मोठा असेल, उदाहरणार्थ 'बीटल्स की लेड झेपेलिन', तर सरळ महाराष्ट्र एक्स्प्रेसचे तिकीट काढावे. राज्याची हद्द न ओलांडता ही गाडी गोंदियाहून कोल्हापूरला जाते, अंतर तेराशे किलोमीटरच्या वर, आणि प्रतिपक्षी मध्येच उतरून जाणार कुठे? बीटल्स नागपूरपर्यंत आटोपतात. मनमाडला ड्रमरांचा विषय निघतो. मिरजेला दोघेही गप्प बसतात, कारण ज्या गावात पिढ्यान्पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात, तिथे गिटारविषयी तोंड उघडायला धीर होत नाही.

हंगामही पाहावा. रोवणीच्या दिवसांत कोणी ऐकून घेणार नाही. ज्याचे पाय बांधीतल्या चिखलात आहेत, त्याला क्लॅप्टनचे सुखदुःख नसते. दिवाळी झाली की मंडया भरू लागतात, झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र चालतात, बाहेरगावचे पाहुणे येतात. हा उत्तम मोसम. पथ्य एकच. रंगमंचालगत ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन बसलेल्या मंडळींच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने बोलू नये. ती माणसे खरोखर वाजवतात. वाजवणारा माणूस वादात शिरला की वाद बिघडतो.

आता युक्तिवादाकडे वळू. वाद असतो तो सर्वांत प्रभावशाली गिटारवादक कोण, याचा. काळा टी-शर्ट पहिल्यांदा यादी काढतो. 'रोलिंग स्टोन'नं सांगतलं ना गा, हेंड्रिक्स पयला! इथे गांगरून जाऊ नये. यादीला यादीनेच मारावे. या मासिकाने 2003, 2011 आणि 2023 अशा तीनदा गिटारवादकांच्या याद्या केल्या आणि तिन्ही वेळा हेंड्रिक्स पहिलाच आला, एवढे खुल्या मनाने मान्य करून टाकावे. मग शांतपणे विचारावे की एडी व्हॅन हेलन 2003 मध्ये 70वा, 2011 मध्ये 8वा आणि 2023 मध्ये 4था कसा झाला? त्याचे 'इरप्शन' 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यानंतर एक सूर वाढलेला नाही. मधल्या काळात घडले ते एवढेच की 2020 मध्ये तो वारला. उलट क्लॅप्टन 2011 मध्ये 2रा होता, तो 2023 मध्ये 35व्या क्रमांकावर घसरला, कारण तो अजून हयात आहे. या क्षेत्रात जिवंत राहणे नुकसानीचे, असा निष्कर्ष काढून थोडा वेळ खिन्न दिसावे. ठेल्यावरची वडीलधारी मंडळी हमखास आपल्या बाजूला येतात.

यानंतर प्रतिपक्षी नावे फेकू लागेल: पेज, बेक, ब्लॅकमोर, गिलमोर. सगळे गोरे, सगळे इंग्रज आणि सगळे पुरुष, याकडे लक्ष वेधू नये. तसे केले तर वाद समाजशास्त्रात जातो आणि खर्रा संपतो. त्याऐवजी प्रतिपक्ष्याला हाताला धरून गोंदिया जंक्शनच्या फलाटावर न्यावे. गाडी नसलेल्या रुळांपलीकडचा फलाट दाखवावा आणि सिस्टर रोझेटा थार्पची हकीकत सांगावी. 1915 मध्ये आर्कान्सात जन्मलेली ही बाई चर्चमध्ये भक्तिगीते गात असे आणि तीच गीते इलेक्ट्रिक गिटार घेऊन नाइटक्लबातही गात असे, त्यामुळे दोन्हीकडचे लोक तिच्यावर रागावलेले असत. 1940च्या दशकात ती जे वाजवत होती, त्याला पुढे पोरांनी रॉक अँड रोल म्हटले. मे 1964 मध्ये मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर टीव्हीवाल्यांनी तिचा कार्यक्रम ठेवला. प्रेक्षक एका फलाटावर, कलाकार समोरच्या फलाटावर. ऐन वेळी पाऊस आला. बाई घोडागाडीतून उतरल्या, अंगात जाड कोट, गळ्यात पांढरी गिटार, आणि पावसाचेच गाणे त्यांनी असे काही लावले की समोर भिजत बसलेली इंग्रज पोरे जन्मभर ते सांगत राहिली. रॉकच्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांचे नाव लागायला मात्र 2018 उजाडले. तोवर त्यांना जाऊन 45 वर्षे होत आली होती. हे सांगताना मागून मालगाडी गेली तर उत्तम. आवाज चढवावा लागतो आणि चढवलेल्या आवाजात खरी गोष्ट अधिक खरी वाटते.

रियाझाचा मुद्दा आला तर टोनी आयोमी काढावा. राईस मिलच्या पट्ट्यापाशी सांभाळून उभे राहायला शिकलेल्या जिल्ह्याला हा माणूस लगेच कळतो. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हातच गेला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून ब्लॅक सब्बाथचा जडशीळ आवाज निघाला. 1970 पासून लाखो धडधाकट बोटांची पोरे त्या आवाजाची नक्कल करत आहेत.

काही प्रतिपक्षी प्रादेशिक पवित्रा घेतात. हे पुण्याहून इंजिनिअरिंग करून आलेले असतात. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता, तिथेच त्याने 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड केला. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी 1968 मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. 1972 मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन गाणी मुद्रित केली आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवून गेले. 'इंडिपेंडन्स रॉक' 1986 मध्ये मुंबईतच सुरू झाला. हे सगळे खरे आहे आणि म्हणूनच ते आपल्या फायद्याचे आहे. एकूण एक घटना घाटापलीकडची किंवा घाटमाथ्यावरची. हा विदर्भाचा अनुशेष आहे. दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात रस्त्यांचा मोजला, सिंचनाचा मोजला, विजेचा मोजला. विजेवर चालणाऱ्या वाद्याचा राहून गेला. तिरोड्याला 3300 मेगावॅट वीज तयार होते आणि जिल्ह्यात एक पेज फिरकू नये? एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. त्यामुळे वुडस्टॉकसकट आधीचा सगळा अनुशेष भंडाऱ्याच्या नावे दाखवावा लागेल. भंडाऱ्याचे कोणी हजर असल्यास हा मुद्दा वगळावा.

प्रभाव म्हणजे किती दूरवर पोचला, असे मोजणारेही भेटतात. त्यांच्यासाठी व्हॉयेजर. 1977 मध्ये अंतराळात सोडलेल्या या दोन यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. त्यात चक बेरीचे 1958 चे 'जॉनी बी. गुड' आहे. हेंड्रिक्स नाही, बीटल्स नाहीत. आपल्याकडून त्यात आहेत गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर, भैरवीसह. पहिले यान आता 2400 कोटी किलोमीटरच्या पुढे गेले आहे, आणि बाईंसोबत तिथे रॉकवाला एकच, तोही साथीला नाही. या टप्प्यावर ठेलेवालासुद्धा चुन्याचा हात थांबवतो.

इथवर आपण बरोबरीत असतो. जिंकण्यासाठी वादकांची नावे सोडून द्यावी लागतात, आणि खरे सांगायचे तर मलाही वादाचा हाच भाग मनापासून पटतो. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा. 1954 मध्ये त्याने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, हेंड्रिक्सने उलटी धरून वाजवली ती हीच. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणजे हेंड्रिक्सच्या आधी रेडिओवाला येतो. आणि रॉकचा तो खरखरीत, फाटका आवाज? 1951 च्या 'रॉकेट 88' मध्ये तो आला कारण ॲम्प्लिफायर वाटेत बिघडला होता. लिंक रे याने 1958 मध्ये स्पीकरच्या कागदाला पेन्सिलने भोके पाडली. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने 1964 मध्ये ब्लेडने स्पीकर चिरला. हा आवाज आपल्याकडे कोणत्याही बिछायत केंद्रात तयार मिळतो. फरक इतकाच की तिथे स्पीकर फाटला की पोराला शिव्या बसतात आणि तिकडे इतिहासात नोंद होते. आमगावच्या, देवरीच्या, सडक अर्जुनीच्या लग्नांत फाटक्या चोंग्यातून वर्षानुवर्षे निघालेला आवाज कोणी जपून ठेवला असता, तर या वादाचा निकाल पूर्वीच लागला असता.

आता हुकमाचे पान. शांतपणे म्हणावे: या जिल्ह्यात सर्वांत प्रभावशाली विजेचे तारवाद्य गिटार नसून बेंजो आहे.

काळा टी-शर्ट हसेल. हसू द्यावे. मग विचारावे, वरातीत तू नाचलास तो कशावर? धुमाल निघते, गाडीवर जनरेटर, ढोल-पॅडांचा कल्लोळ, आणि त्या सगळ्यावरून जो तारेचा धारदार आवाज गल्ली कापत जातो, तो बेंजोचा. टाइपरायटरसारख्या कळांचे हे वाद्य मूळचे जपानी. 1912 मध्ये नागोयात निघाले, इथे येऊन बुलबुल तरंग झाले, त्याला पिकअप बसला, तो ॲम्प्लिफायरला जोडला गेला आणि कोकणातल्या गणपतीपासून छत्तीसगडच्या हद्दीपर्यंत पसरला. हेंड्रिक्सने गोंदियात किती माणसे नाचवली, याचा आकडा मागावा. देता येत नाही.

'पण ते गिटार थोडीच हाय, आडवं ठेवून वाजवतात!' हा प्रतिपक्ष्याचा शेवटचा मोहरा. याचीच आपण वाट पाहत असतो. जगात विक्रीत यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे रिकेनबॅकरची 'फ्राइंग पॅन', 1932 ची, ॲल्युमिनियमची, लांब दांड्याची गोल. ती हवाईयन पद्धतीची होती. मांडीवर आडवी ठेवूनच वाजवत. आडवे वाद्य गिटार नसेल तर घराण्याचा मूळ पुरुषच बाद होतो आणि हेंड्रिक्स निपुत्रिकाचा नातू ठरतो. बेंजो आत घ्या, नाहीतर सगळे बाहेर जा.

प्रतिपक्षी यानंतर खात्रीसाठी बेंजोवाल्यालाच विचारू म्हणेल. जावे. मात्र तो वाजवत असताना विचारू नये. पोर्चपाशी वरात अडली आणि जनरेटर बंद पडला की विचारावे. सर्वांत प्रभावशाली कोण, असे विचारल्यावर तो घाम पुसत नवरदेवाच्या मामाकडे बोट दाखवील. ते तसेच लिहून घ्यावे. नोटा त्याच्या हातात आहेत, आणि पुढचे गाणे तोच ठरवतो.