चार मानाला चार-पाच

सोडून गेलेला माणूस परवडतो, परत आलेला परवडत नाही. तबला सोडलेला शेजारी कुणाच्या लक्षातही राहत नाही. दहा वर्षांनी डग्गा मढवून आणलेल्या शेजाऱ्याला सोसायटी जन्मात विसरत नाही. आमचे साडू हार्थस्टोनमध्ये परत आले आहेत.

ज्यांच्या नात्यात असा कुणी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हार्थस्टोन हा ब्लिझार्ड कंपनीचा ऑनलाइन कार्डांचा खेळ, २०१४ च्या मार्चमध्ये आला. दोघांनी खेळायचा. प्रत्येकाकडे ३० कार्डं आणि ३० जीव. पहिल्या टर्नला खर्चायला एक माना, दुसऱ्या टर्नला दोन, असं करत दहापर्यंत. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात किती मानाला पडतं ते, खाली डावीकडे मारायची ताकद, उजवीकडे जीव. एवढं ज्ञान मला एका हळदीच्या कार्यक्रमात, एका ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये आणि सासऱ्यांच्या ईसीजीच्या रांगेत, असं हप्त्याहप्त्याने देण्यात आलं आहे.

या खेळात यती नावाचं एक कार्ड आहे. चिलविंड यती. किंमत चार, ताकद चार, जीव पाच. बाकीच्या बऱ्याच कार्डांवर खाली मजकूर असतो: हा आला की अमुक होईल, हा मेला की तमुक येईल. यतीची पाटी कोरी. तो येतो, उभा राहतो, मारतो, मार खातो, जातो. चार मानाला चार-पाच. साडूंच्या मते जगात कुठल्याही गोष्टीचा रास्त भाव हाच, आणि भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत प्रत्येकाने तो पाळायला हवा.

मामेभावासाठी सांगलीला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, मुलगी आत गेली, दोन्हीकडची मंडळी पंख्याकडे बघत बसली. साडू माझ्या कानाशी लागून कुजबुजले. त्यांची कुजबुज मिरजेलाही ऐकू जाते. "दादा, स्थळ चार मानाला चार-पाच आहे!" मुलीचे काका सावरून बसले, घसा साफ करून म्हणाले, "मानपानाचं आपण बैठकीत बोलूच की." लग्न झालं. साडूंना त्यात मानाचे चार आहेर मिळाले. मला एक टॉवेल-टोपी.

सासूबाईंनी हौसेने देवगडची पेटी आणली, तर पेंढा बाजूला करून एकेक आंबा दाबून बघत हे म्हणाले, "आठ मानाला दोन-तीन." घोडबंदर रोडवर फ्लॅट बघायला गेलो, तिथली पोरगी बिचारी जीव तोडून क्लबहाउस, जिम, जॉगिंग ट्रॅक सांगत होती. तिचं संपल्यावर हे म्हणाले, "थोडक्यात, दहा मानाला चार-पाच." ती म्हणाली, "नाही सर, जीएसटी वेगळा." निवडणुकीत उमेदवारांच्या यादीवरून बोट फिरवताना त्यांचं मत पडलं की यात एकही चार मानाला चार-पाच नाही, सगळ्यांवर नुसता मजकूर. हे त्यांचं एकमेव वाक्य जे मी पुढे चारचौघांत स्वतःचं म्हणून वापरलं. आणि एकदा, फक्त एकदाच, त्यांनी मेव्हणीच्या ओट्सच्या उपम्याला "चार मानाला दोन-एक" म्हटलं. त्या रात्री साडू स्टेशनबाहेर उभ्याने वडापाव खाताना दिसले.

त्यांनी खेळ सोडला तो २०१६ साली. कारण योग-सॅरॉन. हे दहा मानाचं कार्ड त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलं. खेळात तुम्ही आतापर्यंत जितके मंत्र टाकले असतील तितके नवे मंत्र तो मनाला येईल तसे, मनाला येईल त्याच्यावर सोडतो. साडू म्हणे जिंकत आले होते, पुढच्या टर्नला खेळ संपणार, आणि समोरच्याने योग टाकला. पुढचा अर्धा मिनिट नुसता गोंधळ. धूर विरला तेव्हा मैदानात साडूंचं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे ॲप उडवलं. त्याच ऑक्टोबरात कंपनीने योगचे दात काढले, हे ते अजून अशा आवाजात सांगतात की उशिरा का होईना, कोर्टाने न्याय दिला.

परत आले तर खेळाने स्वागत केलं. बरेच महिने गायब असलेल्या खेळाडूला कंपनी फुकटात एक तयार डेक देते, तसा त्यांनाही मिळाला. मेव्हणी म्हणाली, चार दिवस माहेरी राहून आले तर मला पाणी विचारत नाहीत. डेक उघडला आणि साडूंना त्यातलं एकही कार्ड ओळखू येईना. मधल्या काळात दोन नवे वर्ग दाखल झाले होते, २०२० मध्ये डीमन हंटर आणि २०२२ मध्ये डेथ नाइट. कोलोसल, टायटन, ड्रेज, फोर्ज, एक्स्कॅव्हेट असे शब्द कार्डांवर बसले होते. माणसं, राक्षस, मंत्र, हत्यारं यांच्या जोडीला जागासुद्धा कार्ड झाल्या होत्या. "दादा, लोकेशनचं कार्ड! म्हणजे आता सातबारा खेळायचा?"

तेव्हापासून साडू वाचतात. खेळत नाहीत, वाचतात. समोरच्याने कार्ड टाकलं की चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. टर्नला सव्वा मिनिट मिळतो. वेळ संपत आला की पटावर एक दोरी पेटते आणि सुर्र करत दुसऱ्या टोकाकडे सरकते. साडूंची दोरी प्रत्येक टर्नला पेटते. दुसऱ्या ओळीतल्या अर्धविरामापाशी ते पोचतात, तोवर टर्न गेलेली असते. मेव्हणीने एकदा त्यांना दोन मिनिटं तव्याकडे बघायला सांगितलं होतं. नंतर ती मला म्हणाली, "भाऊजी, यांची दोरी आणि माझी पोळी एकाच वेळी जळते."

खेळात समोरच्याशी बोलता येत नाही, फक्त ठरावीक पाच-सहा वाक्यं पाठवता येतात. साडू प्रत्येक डावाला सुरुवातीला नमस्कार घालतात आणि हरल्यावर "छान खेळलात" म्हणतात. पूर्वी त्यात "सॉरी"सुद्धा होतं. लोक समोरच्याला ठोकून वर सॉरी म्हणून खिजवायचे, म्हणून कंपनीने ते काढलं आणि जागी "वॉव" ठेवलं. "खरोखर सॉरी म्हणायचं असेल त्याने काय करायचं?" साडू विचारतात. मला उत्तर येत नाही. कुणाला येत असेल असंही वाटत नाही.

२०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून ठेवले होते, पदकतालिकेत धरले नव्हते. तिथे हार्थस्टोनमध्ये गुजरातच्या तीर्थ मेहताने भारतासाठी ब्राँझ मिळवलं. साडू हे सांगून थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात. आपण सोडलं नसतं तर, हे वाक्य ते उच्चारत नाहीत, आपण मनात म्हणायचं असतं. एकदा माझ्या मुलाने विचारलं, "काका, तुम्ही आता कुठल्या लीगमध्ये?" साडू म्हणाले, "ब्राँझ." ते खरंच होतं. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशी ती शिडी आहे, आणि साडू तिच्या तळाच्या पायरीवर, ब्राँझ दहाला.

एकदा मला राहवलं नाही. यतीचे दिवस नेमके होते कधी, ते मी शोधून काढलं. खेळ आला मार्च २०१४ ला. त्याच वर्षी डिसेंबरात 'गॉब्लिन्स व्हर्सेस नोम्स' हा नवा संच आला, त्यात पायलटेड श्रेडर नावाचं यंत्र होतं. तेही चार मानाला, ताकद चार, जीव मात्र तीन. पण ते मोडलं की पोटातून दोन मानाचा एक गडी बाहेर पडायचा. मेल्यावरही कामाला येणारा मिळतो म्हटल्यावर यतीला कोण विचारतो? सगळं सुवर्णयुग जेमतेम नऊ महिन्यांचं. पुढे मी सहज म्हणून विचारलं, "तुम्ही तेव्हा लॅपटॉपवर खेळायचात का हो?"

"छे! फोनवर. कंपनीच्या बसमध्ये."

फोनवर हा खेळ आला एप्रिल २०१५ मध्ये. साडू आले तेव्हा यतीची सद्दी संपून काही महिने उलटले होते. नवशिक्याला बेसिक कार्डं फुकट मिळायची, त्यात यती होता. त्याची भुकटी करून दुसरं काही बनवायची सोयही त्या कार्डांना नव्हती, म्हणून ते त्याला खेळवत राहिले. ज्या काळाच्या आठवणीने त्यांचा गळा दाटतो, त्या काळात ते नव्हतेच.

मी हे सगळं तारीखवार त्यांच्यापुढे मांडलं. मला वाटलं, निदान एक महिना तरी शांतता लाभेल. साडू क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दादा, राज्याभिषेकाला तुम्ही रायगडावर होतात का? मग दरवर्षी स्टेटस कशाला ठेवता?"

यावर मी चहा मागवला.

परत का आलात, हे मात्र मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा ते फोनच्या काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रा नखाने सोलत होते. त्या पापुद्र्यावर उजव्या कडेला, मधोमध, एक गुळगुळीत ठिपका पडला आहे. टर्न संपवायचं बटण तिथे येतं. साडू मॅन्युअल टेस्टिंगमध्ये आहेत. दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर हाताने एकेक बटण दाबून तपासायचं आणि चुका लिहून काढायच्या. प्रोजेक्ट संपला आणि ते बेंचवर बसले. पगार चालू, काम नाही, दर सोमवारी एक फोन. नवा प्रोजेक्ट मिळवायचा तर रिझ्युमे ताजा करायचा. शेजारच्या पंचविशीतल्या मुलांच्या रिझ्युमेवर पायथन, सेलेनियम, क्लाउड, एआय, मजकूर पानात मावत नाही. "दादा," पापुद्र्याकडेच बघत ते म्हणाले, "माझ्या कार्डावर मजकूरच नाही हो."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात त्यांची दोरी पेटली.

आता हे सांगायची मला हौस नाही, पण सांगायला हवं. माझी आई ठाण्यात एकटी राहते. दर नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी पुण्याहून दरवर्षी येईन म्हणतो, आणि दरवर्षी काहीतरी निघतं. साडू येतात. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन अंगठा घेत नाही, म्हणून आदल्या रात्री घरी येऊन तिच्या अंगठ्याला व्हॅसलीन चोळून जातात. सकाळी रिक्षा, बँक, रांग. तिथेही अंगठा उमटेना, की खिशातल्या रुमालाने पुसून, फुंकर मारून पुन्हा. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, आईने सांगितलं. आईचं मत आहे की हा मुलगा फार गुणी आणि अबोल आहे. आईला ऐकू कमी येतं.

दुसरा कुणी असता तर या एका दाखल्यावर मी आयुष्यभर मजकूर ऐकला असता. आठवण करून दिली, काम झालं, फोटो आला, आता तुम्ही आमच्यासाठी काय करता? साडूंच्या बाबतीत खाली काहीच लिहिलेलं नसतं. दिसतं तेवढंच, पण तेवढं नक्की. किती मानाला किती, ते मी लिहिणार नाही. हा लेख ते वाचणार आहेत आणि मला उरलेलं आयुष्य त्यांच्यासोबत काढायचं आहे.

गेल्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. समोरच्याचे चार जीव उरले होते, साडूंच्या बाजूला एकटा यती. समोरच्याने हातातली सगळी मजकुराची कार्डं टाकून पाहिली, यतीला अडवणारं एकही निघालं नाही. यतीने चार मारले. जिंकले! लगेच त्या अनोळखी खेळाडूची मैत्रीची विनंती आली. या खेळात अशी विनंती बहुधा शिव्या घालायलाच येते, तरीही साडूंनी ती स्वीकारली. निरोप एवढाच होता: "यती? सीरियसली?"

साडूंनी हात धुतले आणि उत्तर लिहायला बसले. २०१४ च्या मार्चपासून. खेळाचा समतोल, श्रेडरने केलेला घात, योग-सॅरॉनची ती काळरात्र, आणि साध्या, सरळ, न बोलता काम करणाऱ्यांवर या जगात होत आलेला अन्याय. तासाभराने पाठवायला गेले तर तो मैत्री तोडून निघून गेलेला.

एवढा मजकूर वाया घालवणारा माणूस नव्हे तो. रविवारी सकाळी, सुप्रभातच्या फुलांच्या आणि हळदीच्या फायद्यांच्या मधोमध, तो आमच्या फॅमिली ग्रुपवर आला. शेवट होता: "यतींना ओळखा. यतींना जागा द्या." मामेभावाने अंगठा टाकला, सासऱ्यांनी "सुंदर विचार" लिहिलं. सासूबाईंनी हात जोडले आणि खाली विचारलं, "कधी येणार आहेत? जेवायला थांबतील ना? कांदा-लसूण चालतं का त्यांना?"